राठोड गुरुजींचा वर्ग

हे माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. शाळेत तर कुणालाच नाही. तुम्हाला सांगतेय — आणि सांगताना माझाच मला संताप येतोय.

आखाडा बाळापूरजवळच्या एका शाळेची मी मुख्याध्यापिका. राठोड गुरुजी तांड्यावरचे, वर्षानुवर्षं पहिली शिकवणारे. कोरोनातून उठले आणि काळ्या बुरशीनं धरलं. वरचा अर्धा जबडा टाळूसकट काढावा लागला. पाणी प्यायले की नाकातून यायचं. 'बाबा' म्हणायला गेले की 'मामा' व्हायचं. किती इंजेक्शनं, नांदेडच्या किती फेऱ्या! शेवटी डॉक्टरांनी दातांची प्लेट बसवून टाळूचं भोक झाकलं. मग हा पन्नाशीचा माणूस आरशासमोर बसून बाराखडी घोकू लागला — पोरांना पुन्हा शिकवायची म्हणून!

हजर झाले त्या सकाळी माझ्या टेबलासमोर उभे राहिले. "बाई, आइका. पाटी. बदक. भाकर. बराबर येऊन राहिलं ना?"

बराबर येत होतं. अगदी स्वच्छ.

मग? मग काय बिघडलं होतं?

दुपारी डबा खाऊन ते नळावर प्लेट धूत होते. पाठमोरे, आडोशाला. मी नेमकी तिथं गेले आणि ते वळले. तो आत बसलेला गाल, ते रिकामं तोंड — मला किळस आली. हो, किळसच. दुसरा शब्द कशाला शोधू?

शाळा सुटताना त्यांना म्हणाले, "गुरुजी, पालकांची तक्रार हाय. लेकरं भितेत म्हणं. तुमी ऑफिसात बसा."

कोणते पालक? एकही आला नव्हता. लेकरं तर दिवसभर त्यांना चिकटून होती!

"व्हय का," एवढंच म्हणाले ते.

पुढं तालुक्याला माझा सत्कार झाला — आजारी सहकाऱ्याला सांभाळून घेतलं म्हणून! आणि मी निर्लज्जासारखी शाल पांघरून फोटोला उभी राहिले.

गेल्या आठवड्यात दोन आया आल्या. "बाई, राठोड गुरुजीचा वर्ग काहून बंद केला? मोठ्याला त्याहीनंच वाचायला शिकवलं. धाकट्यालाही तेच द्या."

मी म्हणाले, "त्यांनाच नको हाय."

शेजारच्या खोलीत ते दाखला लिहीत होते. दार उघडं होतं. पेन थांबला. थोड्या वेळानं पुन्हा चालू झाला.

मी आत गेले नाही.