वाघबारशीचा नारळ

जंगल माणसाला नम्र करतं. पेणच्या हायस्कुलात भूगोल शिकवताना हे वाक्य मी दरवर्षी एकदा तरी फळ्यावर लिहीत असे आणि मुलं ते निमूटपणे उतरवून घेत. मी स्वतः पदरमोड करून चंद्रपूरची, मेळघाटाची जंगलं हिंडलो, मचाणांवर पाय आखडेपर्यंत बसलो, जळवांना रक्त पाजलं. एवढ्या साधनेतून माझ्या पदरात जे पडलं त्याला नम्रता म्हणता येणार नाही. तो माझ्या साडूबद्दलचा मत्सर होता.

साडू रोह्याला कंपनीत शिफ्टमध्ये कामाला होता आणि कुंडलिका नदीच्या पलीकडे, अष्टमी गावात राहत होता. प्राण्यांविषयी त्याला काडीचंही कुतूहल नव्हतं. रानडुक्कर आणि गावडुक्कर यांत त्याच्या मते फरक होता तो मालकाचा. अशा माणसाला बिबट्या दिसायचा. मला तोवर कधीच दिसला नव्हता.

हे मी पोटात घातलंही असतं, पण सासुरवाडीची एक रीत आड येत होती. सासऱ्यांचं गाव रोह्याच्या आत, डोंगराच्या पायथ्याशी. भात आणि वाल पिकवणारं. गावाच्या शिवेवर वाघोबाचा दगड आहे. त्यावर कोरलेलं जनावर मला खाऊनपिऊन सुखी असलेल्या वासरासारखं वाटत आलं आहे, पण हे मी तिथे बोलून दाखवलं नाही. दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीला, त्या दगडापुढे नारळ फोडतात. वर्षभरात ज्याला वाघ आडवा गेला आणि ज्याला त्याने काही केलं नाही, त्याने तो फोडायचा. सोडलंस, म्हणून आभाराचा नारळ. तिकडे बिबट्यालाही वाघच म्हणतात. आणि असा कोणी नसेल तर माजी सरपंच म्हणून सासरे फोडत. फोडण्याआधी ते घसा इतका वेळ खाकरत की वाटावं, नारळ घाबरून आपणच फुटेल.

माझं लग्न झाल्यावर पहिली काही वर्षं तेच फोडत होते. मग मेहुणीचं लग्न झालं आणि साडू आला.

पहिल्याच वर्षी तो स्कूटरवर वालाचं पोतं बांधून गावातून अष्टमीला निघाला होता. वाटेत दोरी सैल झाली म्हणून उतरला, तर बिबट्या समोरून रस्ता ओलांडून गेला. दुसऱ्या वर्षी तो देहधर्मासाठी झुडपाआड बसला होता. त्या प्रसंगाचं वर्णन त्याने भर पंगतीत केलं आणि लोकांनी हात आखडून ते ऐकलं. दोन्ही वर्षी नारळ त्याने फोडला. शर्ट खोचून, चपला लांब काढून, डोळे मिटून. मी मागे उभा राहून टाळ्या वाजवल्या. टाळ्या वाजवायची रीत नव्हती, हे मला बायकोने नंतर सांगितलं.

तिसऱ्या वर्षाचं मला अजून सोसत नाही. साडू पेणला आमच्याकडे आला होता आणि आम्ही दोघं एसटीने रोह्याला निघालो होतो. माझ्या गळ्यात दुर्बीण होती. गडब मागे पडलं, नागोठणे आलं, गाडी भिसे खिंडीत शिरली. तेवढ्यात दुर्बिणीच्या भिंगावरचं झाकण निसटून सीटखाली गेलं. मी वाकलो. गाडीने करकचून ब्रेक मारला, वरून सगळ्यांचा मिळून एक लांब श्वास ऐकू आला, आणि मी झाकण घेऊन वर आलो तेव्हा रस्त्याकडेच्या कारवीची पानं हलत होती. ड्रायव्हरने बघितला होता, कंडक्टरने बघितला होता, साडूने तर बघितलाच होता. गडबला चढलेल्या, सुक्या मासळीची टोपली मांडीशी घेऊन बसलेल्या एका बाईनेही बघितला होता. तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं.

"गल्यान येवरी दुर्बीन, आन तुमाला नाय दिसला?" ती म्हणाली. मग शेजारणीकडे वळून, "शोभेची हाय गो."

घरी आल्यावर हे मी सांगणार नव्हतो. साडूने आधीच फोन करून सांगितलं होतं. माझी बायको एवढंच म्हणाली, "तुम्ही फार वाचता ना, म्हणून समोर यायला संकोचत असेल."

त्या दिवाळीत तिसरा नारळ फुटल्यावर मी ठरवलं की पुढचा माझा. मला वाघ हवा होता हे खरंच, पण त्याहून मला तो साडूला नको होता. असं स्वच्छ कळायलाही वय जावं लागतं. तेव्हा मी त्याला निसर्गप्रेम म्हणत होतो.

मे महिन्यात फणसाडला जायचं पक्कं केलं. तिथे रानातल्या पाणवठ्यांना गाण म्हणतात. उन्हाळ्यात बाकीचं रान सुकतं तेव्हा जनावरं गाणावर येतात. मी रीतसर परवानगी काढली, मातकट रंगाचे कपडे शिवून घेतले, साबण लावणं चार दिवस आधी बंद केलं. आणि निघण्याच्या आदल्या दिवशी मेहुणीचा फोन आला की हेही येतायत, कंपनीला सुट्टी आहे. मी तिला म्हटलं, अगं, रान आहे, वाघाबिघाचं भय, तू त्याला कशाला पाठवतेस.

"तुमच्याबरोबर असले तर मला घोर नाय, भावोजी," ती म्हणाली. "तुमाला कदी काय दिसत नाय."

साडू आला तो पांढराशुभ्र बनियन, निळी लुंगी आणि चार पुडांचा डबा घेऊन. पहाऱ्यावरच्या माणसाने आम्हाला गाणाजवळ सोडलं, दिवेलागणीआधी न्यायला येतो म्हणाला आणि गेला. कारवीच्या काटक्यांचा आडोसा एकाच माणसाच्या मापाचा होता. मी आत शिरलो. साडूने डबा उघडला, तांदळाची भाकरी आणि बोंबलाची चटणी असा रानभर वास सोडला, पोटभर जेवला, आणि थोडं वरच्या अंगाला, अंजनीच्या झाडाखाली उघड्यावर टॉवेल अंथरून आडवा झाला. थोड्याच वेळात घोरू लागला. एखाद्या ट्रकला चढ लागावा तसा तो घोरतो. मी मनात म्हटलं, संपलं. आता इथे मुंगीसुद्धा येणार नाही.

उन्हं कलली आणि बिबट्या आला.

तो कुठून आला हे मला सांगता येणार नाही. आधी दगड होता, मग दगडाशेजारी तो होता. मी वाचलेलं सगळं त्या क्षणी निरुपयोगी ठरलं, कारण कुठल्याच वर्णनात तो इतका मळका नव्हता. पाण्याकडे येता येता तो थांबला. घोरणं ऐकून त्याने मान वळवली, दोन पावलं तिकडे गेला आणि साडूकडे बघत उभा राहिला. कान पुढे, शेपटीचं टोक तेवढं हलतं. भीती मला वाटायला हवी होती. तीही नंतर वाटली. पहिल्यांदा वाटलं ते निव्वळ समाधान: मी बघतो आहे आणि हा झोपला आहे. बिबट्या मग पाणी प्यायला, सावकाश, आणि आला तसा नाहीसा झाला.

साडूला मी हलवून उठवलं आणि सांगितलं. तो रुसेल, शंका घेईल, निदान मला का नाही उठवलंत म्हणेल अशी माझी अपेक्षा होती. त्याने माझे दोन्ही हात धरले. "मास्तर, दिसला एकदाचा. बरं झालं," म्हणाला, आणि त्याचे डोळे खरोखर पाणावले होते. त्यानंतर अष्टमीत, कंपनीत, सासुरवाडीला त्यानेच ही बातमी पसरवली. त्याच्या सांगण्यातला बिबट्या माझ्या बिबट्याहून हातभर मोठा होता. माणसाने मत्सर करावा तर कुठे करावा, अशी माझी पंचाईत झाली.

वाघबारशीला गाव दगडापुढे जमलं. कापलेल्या भाताचा वास येत होता. सासरे खाकरले आणि मला सगळं सांगायला म्हणाले. मी सांगितलं. पंधरा वर्षं वर्ग सांभाळलेला माणूस मी, रंगवून सांगितलं. आडोसा, घोरणं, दगडाशेजारचा बिबट्या. बिबट्या साडूकडे कसा बघत राहिला ते मान वळवून करून दाखवलं, शेपटीच्या टोकासाठी बोट हलवलं. पोरंबाळं पुढे सरकली होती.

सासऱ्यांनी नारळ उचलला, पण दिला नाही.

"जावईबापू, त्याने तुमाला बघितलान?"

"छे," मी अभिमानाने म्हणालो. "त्याला पत्तासुद्धा लागू दिला नाही."

"मग तुमाला सोडलान कुठे?"

सासऱ्यांनी साडूकडे हात केला. "ह्यांना बघितलान ना?"

बघितलं होतं. मीच आत्ता बोट हलवून दाखवलं होतं.

साडू मागे सरकला. तो झोपला होता, त्याला काही ठाऊक नव्हतं, मान मास्तरांचाच, असं तो पुन्हापुन्हा सांगू लागला. त्याचं ते सांगणं मनापासूनचं होतं आणि म्हणूनच मला ऐकवेना.

"झोपलेल्याला सोडलान," सासरे म्हणाले, "म्हंजे आभार जास्तच."

"भावोजी, पुढल्या येळी तुमी पन झोपा," मेहुणी मागून म्हणाली आणि बायका पदरात हसल्या. त्यांत माझी बायकोही होती.

साडूने शर्ट खोचला, चपला लांब काढल्या, डोळे मिटले. नारळ एका घावात फुटला आणि पाणी वासरावर, म्हणजे वाघोबावर, उडालं. या वेळी मी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग खोबरं वाटलं. साडूला ओल्या खोबऱ्याने खोकला होतो, म्हणून त्याचा वाटाही मीच खाल्ला.