पडद्याआडचे मामा

आमच्या तंजावरच्या मराठी मंडळींच्या नाटकात पडद्याआडून वाक्यं पुरवणारे एक मामा आहेत. आम्हां नटांना देवनागरी वाचता येत नाही, म्हणून ते सगळं नाटक तमिळ अक्षरांत उतरवून देतात. आम्ही तेही पाठ करत नाही. त्यांनी कुजबुजायचं, आम्ही ओरडायचं. शब्द बदललेला त्यांना खपत नाही.

"अय्यो, लिहिलंय तेवढंच बोल रे! तुझी अक्कल घरी ठेव," असं ते मला बजावतात. बायको म्हणते, घरीही ती दिसत नाही.

यंदाच्या नाटकात मेलेली बायको एका संध्याकाळपुरती नवऱ्याकडे परत येते आणि दिवेलागणीला यम तिला न्यायला येतो. यम मी, एवढं पोट दुसऱ्या कुणाचं नव्हतं. मामी जाऊन वर्षही झालं नव्हतं, पण तालमीत मामा तो प्रवेश बातम्या वाचाव्यात तसा वाचत.

प्रयोगात मी दोर घेऊन उभा राहिलो. "चल, वेळ झाली," हे वाक्य यायचं होतं. बऱ्याच वेळाने विंगेतून आलं, "बसू दे तिला. काप्पी तरी पिऊन जाऊ दे."

सवयीने मी तेच गर्जलो. लोक हसले. मेलेली बायको गोंधळून खुर्चीवर बसली. पुढचं वाक्य येईना, म्हणून मी विंगेत डोकावलो. मामांनी वही मिटली होती आणि ते खुर्चीतल्या बाईकडे एकटक बघत होते.

"चल, वेळ झाली" हे एक वाक्य नेमकं मला पाठ होतं. मी दोर खाली ठेवला आणि तिच्याशेजारी बसलो.