खडीला घातलेली आंघोळ

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी शेडमध्ये शिरले आणि नजर थेट फिल्टरवर गेली. वर झेंडूची माळ, हळदकुंकू आणि आतली खडी काळीभोर, लख्ख!

"दामूदादा, हे कोणी केलं?"

"आमीच, मॅडम! खंडेनवमीला समद्या मशिनी धुतल्या. खडीवर कसला बुळबुळीत थर धरला व्हता! ब्रशनी घासून काढला. वरीसभर राबतंय बिचारं, त्याला आंघोळ नको?"

दामूदादा जवळच्याच तळवली गावचे, आमचे फोरमन. चेहऱ्यावर असं समाधान की मला ओरडताही येईना. कारण तो बुळबुळीत थर म्हणजेच आमचा फिल्टर होता.

ठाणे-बेलापूर रोडवरचा हा रंगाचा कारखाना ऐंशीच्या दशकात बंद पडला. मी तिथे एफ्लुएंट प्लांटची केमिस्ट, म्हणजे कारखान्याचं सांडपाणी शुद्ध करणारी. कारखान्याच्या मालकांना, शेठना, मीच सुचवलं, की टाक्या आहेत, पंप आहेत, पाण्यात हवा सोडणारे ब्लोअर आहेत, तर बंद शेडमध्ये जिताडा हा खाडीतला मासा वाढवू. ह्या भागात जिताड्यासाठी माणूस जीव टाकतो. टाक्या खरवडून आतून नवा थर दिला. खाडीचं पाणी टँकरने आणून भरलं आणि तेच पुन्हा पुन्हा फिरवायचं ठरलं. थेंबभरही घाण खाडीत सोडायची नाही, हा माझा हट्ट. आयुष्यभर दुसऱ्यांची घाण निस्तरल्यावर माणसाला असा हट्ट जडतो.

शेठ म्हणाले होते, "एक बॅच, मॅडम. जगली तर शेड चालू. नाहीतर भंगारवाला तयारच आहे." शेड गेली असती तर दामूदादा आणि उरलेले जुने कामगारही घरी बसले असते.

आता ह्या आंघोळीने काय बिघडलं? माशाच्या अंगातून अमोनिया बाहेर पडतो. तो पाण्यात साचला की माशाला विषच. खडीवरच्या त्या चिकट थरात जिवाणू राहतात. ते अमोनियाचं रूपांतर करत करत त्याला निरुपद्रवी करतात. त्यांना पगार नाही, शिफ्ट नाही, फक्त हवा आणि ओल लागते. पण त्यांची वस्ती बसायला कित्येक आठवडे जातात. दामूदादांनी ती एका सकाळीत धुऊन काढली होती.

जिताडे पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होते. नमुन्यात अमोनिया दाखवणारं रसायन टाकलं तर पाणी पिवळं सोडून थेट तपकिरी झालं. इतका अमोनिया!

"खाणं एकदम बंद," मी म्हटलं. "सगळे ब्लोअर चालू करा. आणि धुतलेली घाण कुठे टाकली?"

"मागच्या खड्ड्यात. पन मॅडम, ती घान..."

"तीच पाहिजे मला!"

दामूदादांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू बाईचं डोकं फिरलंय. पण बादल्या उचलल्या. खड्डा कर्दळीच्या सावलीत होता, म्हणून गाळ अजून ओला होता. वास मात्र नाक दाबायला लावणारा. आम्ही तो गाळून खडीवर ओतला. दिवाळे गावच्या बंदरावरून भरतीचं ताजं पाणी मागवून टाकीतलं थोडं बदललं, जुनं एका रिकाम्या टाकीत साठवलं. मग वाट पाहण्याखेरीज हातात काही नव्हतं.

काही मासे गेले. मेलेला प्रत्येक जिताडा दामूदादा स्वतः उचलत. मला त्यांचा राग येईना, उलट वाईट वाटे. रोजचा नमुना आधी तपकिरी, मग गर्द पिवळा, मग फिका. ज्या सकाळी काचेतलं पाणी जवळजवळ बिनरंगी राहिलं, त्या सकाळी मी फिल्टरपाशी कितीतरी वेळ उभी राहिले. इतकी वर्षं ह्याच जिवाणूंकडून काम करून घेतलं होतं. ते माझ्या लेखी केवळ स्लज, टाकून द्यायचा गाळ होते. उपटून खड्ड्यात फेकलं, तरी ते परत येऊन कामाला लागले. मी देवभोळी नाही, पण त्या घाणीपुढे माझे हात आपोआप जोडले गेले.

मग शेठ आले, सोबत भंगारवाला. टाक्यांचा अंदाज घ्यायला. दामूदादांनी पाण्यात मूठभर कोलीम, म्हणजे अगदी बारीक कोळंबी, फेकला. जिताडे उसळले. फाट! फाट! टाळ्या वाजाव्यात तसा आवाज साऱ्या शेडमध्ये घुमला. शेठ दोन पावलं मागे सरकले.

"हे आपल्या टाकीत?" ते हळूच म्हणाले.

"तुमच्याच, शेठ."

भंगारवाला टेप खिशात ठेवून काठावर वाकला होता. "मॅडम, मुलीच्या साखरपुड्याला मिळतील का? मोठे मोठे बघून द्या."

टाक्या मोजायला आलेला माणूस मासळीची ऑर्डर देऊन गेला. शेड राहिली.

स्वच्छ आणि निरोगी ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मी ह्यातून शिकले. दामूदादांना मात्र ते शेवटपर्यंत पटलं नाही. फिल्टरला हात लावायचा नाही, एवढं त्यांनी मान्य केलं. पण शेडमध्ये पाहुणे आले की ते त्या बुळबुळीत खडीवर गोणपाट टाकत. म्हणत, "लोकं काय म्हनतील?"