ठीक हे उत्तर नाही

बोटवालीला 'मी ठीक आहे' म्हटलेलं खपत नसे. सगळं जग दिवसभर तेच म्हणतं, पण ती फोनवर दरडावायची, "ठीक हे उत्तर नाही, मावशी. सकाळी काय खाल्लं ते सांगा."

क्वीन्सटाउनला ती आमच्याच मजल्यावर, चार दारं सोडून राहायची. साठी उलटलेली, पुण्याची, एकटी. मी नागपूरची, चौथी शिकलेली, मुलाच्या नोकरीपायी इथे परदेशात आलेली. मुलगा-सून कामावर, नात शाळेत. दिवसभर मी आणि भिंती. भिंती बऱ्या, सल्ले देत नाहीत. ही देत असे.

रोज सकाळी आठला ती आम्हा चार म्हाताऱ्यांना एकदम फोन लावायची. याच शहरात लांब लांब राहणाऱ्या, एक जुरोंग ईस्टची, दोघी वुडलँड्सच्या, आणि मी. मी जय भीम म्हणायची, बाकीच्या नमस्कार म्हणायच्या, की लगेच तिचे तीन प्रश्न. कोण आलं? कोण चाललं? कुणाला काय लागतंय? एकेकीनं उत्तर द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. सुनांच्या तक्रारी नंतर. मी एकदा म्हटलं, "अगं, ही काय शाळा आहे?"

म्हणाली, "शाळा नाही, बंदर आहे."

त्या बंदराची गोष्ट तिनं एकदाच सांगितली, खालच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या टपऱ्यांत बसून कॉफी पिताना. नवरा निवृत्त झाल्यावर दोघं शिडाच्या बोटीनं जग बघायला निघाली होती. मला हे खूळ वाटलं आणि मी तसं बोलले. ती रागावली नाही. मेक्सिकोच्या किनाऱ्यावरच्या एका लहान गावी त्यांनी पाणी भरायला नांगर टाकला, आणि गाव आवडलं म्हणून राहिली. तिथल्या बायका मक्याच्या भाकऱ्या हातावर थापत. हिनं ज्वारीच्या भाकरीसारखी थापून दाखवली तर आधी हसल्या, मग शेजारी बसवून घेतलं. बंदरातल्या बोटींचा एक रिवाज होता. रोज सकाळी आठला सगळ्या बोटी वायरलेसवर येत, आणि हेच तीन प्रश्न होत.

तिथेच नवऱ्याच्या पोटात दुखायला लागलं. तो म्हणाला, परक्या लोकांत बोभाटा नको. हिलाही पटलं. आपण तसेच वाढलेले, अंगात ताप असला तरी पाहुण्याला चहा करून देणारे. तीन सकाळी वायरलेसवर विचारलं, तिन्ही सकाळी ही म्हणाली, "आमचं सगळं ठीक." चौथ्या सकाळी शेजारच्या बोटीवरच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "तुमची रबरी होडी तीन दिवस किनाऱ्याला गेलेली नाही. नवऱ्यानं आज काय खाल्लं?"

हिच्या तोंडून निघालं, "काही नाही."

बघता बघता सहा होड्या येऊन बोटीला लागल्या. अपेंडिक्स फुटलं होतं. गावातल्या दवाखान्यात नेलं, तिथेच तो वारला.

"सहा होड्या, मावशी," ती मला म्हणाली. "तिन्ही दिवस तिथेच होत्या."

मी सांत्वन केलं नाही. मला येत नाही. कॉफी संपवली आणि उठले. पण त्यानंतर ती विचारील ते मी खरं सांगू लागले. डाव्या डोळ्यानं दिसेनासं झालेलं मी मुलापासून लपवत होते. पोराला सुट्टी काढायला लागेल, म्हणून. हिला सांगितलं तर संध्याकाळी दारात हजर. "तुम्ही सांगता की मी सांगू?" मीच सांगितलं. मोतीबिंदू होता, काढला.

गेल्या वर्षी एका सकाळी तिचे तिन्ही प्रश्न झाले. जुरोंगवालीनं सहज विचारलं, "आणि तुझं काय गं?"

ती म्हणाली, "मी ठीक आहे." आणि फोन ठेवला.

मी अनवाणीच गेले. दार वाजवत राहिले. उघडलं तेव्हा ती चौकटीला धरून उभी होती, चेहरा पिवळा पडलेला.

"काय खाल्लंस?"

"परवा थोडी पेज."

"आणि तेव्हापासून?"

"काही नाही." मग हसली. "म्हटलं, बोभाटा नको."

मी तिला एक शिवी हासडली, ती इथे लिहीत नाही. मग ॲम्ब्युलन्स बोलावली. दुखणं आतल्या आत बरंच पसरलं होतं. चार महिने मिळाले. दुखणं कळल्यावर नवऱ्याला चार दिवसही मिळाले नव्हते, हे तीच म्हणाली, मी नाही. त्या चार महिन्यांत आठचा फोन मी लावायची. खाटेवरून ती इमानानं सांगायची, "दोन चमचे वरण. अर्धं केळं." एका सकाळी नर्सनं फोन उचलला.

आठचा फोन आता माझ्याकडेच आहे. नात म्हणते, "आजी, किती फिअर्स लाह!" फार कडक, असं म्हणायचं असतं तिला. असू दे. परवा वुडलँड्सला एका इंजिनिअरची आई नवी आली, तिलाही घेतलं. फार गोड बोलते. म्हणाली, "माझं अगदी मजेत आहे हो."

"ते ऐकलं," मी म्हटलं. "सकाळी काय खाल्लं?"

मी फोन कानाला लावून बसून राहिले.