सगळं बदला, पण आहे तसंच ठेवा

जुना कोड आवरायला घेतला की कोड फारसा आवरत नाही, किस्से मात्र साठत जातात. आमचं तर अख्खं वर्ष असं गेलं. आता हसू येतं. तेव्हा नुसता संताप यायचा!

वायटूकेचं, म्हणजे सन दोन हजारला सगळे कॉम्प्युटर बंद पडणार या भीतीचं, भूत उतरल्यानंतरची गोष्ट. येरवड्याच्या पुढे, नगर रस्त्याला आमची छोटी कंपनी. अमेरिकेतल्या एका क्लायंटच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, आमच्याकडे होता. त्यातला डिस्कवर फाइली लिहिणारा-वाचणारा भाग आमच्याच कंपनीतल्या आपटे सरांनी पूर्वी एकट्याने लिहिला होता, आणि तो त्यांना एकट्यालाच कळायचा. क्लायंट म्हणाला, "आतलं सगळं नीट मांडा. बाहेरून काहीही बदलता कामा नये. जमत नसेल तर काम दुसरीकडे देतो." म्हणजे आम्ही घरी!

काम माझ्या आणि अकोल्याच्या वानखेडेच्या गळ्यात पडलं.

*

पहिल्याच दिवशी एक भलंमोठं फंक्शन सापडलं. नाव काय, तर 'टेम्प टू', म्हणजे 'तात्पुरतं नंबर दोन'. सगळी डिस्क त्याच्या जिवावर चाललेली. मी आपटे सरांकडे गेले.

"सर, टेम्प टू आहे, मग टेम्प वन कुठंय?"

"ते तात्पुरतं होतं. काढलं."

*

मग वानखेडेला एक रिकामा लूप सापडला. हजार वेळा गरगर फिरायचा आणि काहीही करायचा नाही. याने आनंदाने उडवला. दुपारपर्यंत टेस्टचं मशीन तीनदा आडवं! कर्नलमध्ये चूक झाली की एखादा प्रोग्राम बंद पडत नाही, अख्खं मशीनच गार पडतं.

चार दिवस डोकेफोड केल्यावर कळलं, त्या लूपमध्ये क्षणभर वेळ जायचा, तेवढ्यात डिस्कवरचं आधीचं लिखाण पुरं व्हायचं. लूप गेला आणि दोन लिखाणं एकमेकांवर आदळायला लागली.

वानखेडे रडकुंडीला आला. "सर, निदान कोडशेजारी एक कमेंट, एखादी टीप तरी लिहून ठेवायची!"

आपटे सर पेपर वाचत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "एखादा नुसता बसलेला दिसतो म्हणून तो काम करत नाही, असं नसतं." आणि पान उलटलं.

*

त्याच सुमारास वानखेडेचं लग्न जमवणं चाललं होतं. मुलीचे वडील अकोल्याला जिल्हा परिषदेत क्लार्क. मुलगा नक्की करतो काय, हे बघायला अकोल्याहून येताना एसटीतून वाटेतच नगर रस्त्याला उतरले आणि थेट ऑफिसात हजर! बरोबर पिशवी, चेहऱ्यावर संशय.

"फाइलीचं काम करता म्हणे. आवक पाहता का जावक?"

वानखेडे गडबडून उभा राहिला. "तसं नाही काका. जुन्या फाइलींचा सगळा कारभार आतून बदलतो. पण बाहेर कोणाला पत्ता लागू द्यायचा नाही!"

काकांचा चेहरा एकदम उजळला. "अरे, म्हणजे आमच्याच लाइनीतले निघाले जी!"

लग्न ठरलं.

*

सहा महिन्यांनी आमचे मॅनेजर बोरकर साहेब यांनी आढावा घेतला. साहेबांना कोड कळत नव्हता, पण आलेख आवडायचे.

"तर एवढ्या कामानंतर फरक काय पडला?"

"काहीच नाही सर," मी अभिमानाने सांगितलं. एकही टेस्ट चुकत नव्हती. "बाहेरून काडीचाही फरक नाही!"

साहेबांनी हातातला आलेख खाली ठेवला.

"अहो मुजुमदार, मग न करताही हेच झालं असतं की!"

मी खाली जाऊन लागोपाठ दोन चहा घेतले. वर यायची इच्छाच होईना.

*

शेवटी काम संपलं, क्लायंटकडे पोचलं. मी फक्त एकच गोष्ट स्वतःच्या अकलेने सुधारली होती. फाइलच्या नावाच्या शेवटी चुकून स्पेस राहिली, तर जुना कोड ती गुपचूप गिळून टाकायचा. उघड उघड चूक! मी ती काढली.

तिसऱ्या आठवड्यात अमेरिकेहून फोन. त्यांच्या सगळ्यात जुन्या गिऱ्हाइकाचं गोदाम ठप्प! त्यांचा एक प्रोग्राम नावाच्या शेवटी स्पेस ठेवून फाइल लिहायचा, दुसरा स्पेस न ठेवता तीच शोधायचा. इतकी वर्षं बिनबोभाट चाललेलं. आता एकही फाइल सापडेना.

"ती चूक आम्हाला परत हवी आहे. शुक्रवारपर्यंत."

आमच्या स्वच्छ कोडमध्ये ती चूक बसेना! कुठेही घातली की दुसरीकडे काहीतरी मोडायचं. चार दिवस मी आणि वानखेडेने जेवणाकडेही पाहिलं नाही. चूक घातली, तिच्यावर कमेंट लिहिली, पुढे कुणी ती दुरुस्त केली तर बोंब मारेल अशी टेस्टसुद्धा लिहिली. शुक्रवारी सकाळी प्रिंटआउट घेऊन आपटे सरांसमोर उभी राहिले.

त्यांनी पानन् पान वाचलं. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"माझ्या हातून ही चूक दोन मिनिटांत झाली होती. तुम्हाला चार दिवस लागले?"