मधल्या पन्हळीची चाचणी

आमचं घर आणि माझ्या मोठ्या जावेचं घर यांच्यात एकच भिंत आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे ती. दोन्ही घरांचे पत्रे त्या मधल्या भिंतीकडे उतरतात आणि दोघांचंही पाणी एकाच लांब पत्र्याच्या पन्हळीत पडून मागच्या बाजूला निघून जातं. वेल्ह्याकडच्या पावसात ही पन्हळ चार महिने सतत वाजत असते. इतकी, की ती आहे हेच आम्ही विसरून गेलो होतो.

त्या उन्हाळ्यात मागच्या जांभळावर वानरांची टोळी मुक्कामाला आली. जांभळं खायची, पन्हळीत उडी मारायची, तिथून जावेच्या पत्र्यावर, तिथून थेट खाली वाळत घातलेल्या कुरडयांवर. एका दांडग्या हुप्प्याने तर पन्हळीचा झोपाळाच केला होता. पन्हळ मधोमध वाकली, दोन ठिकाणी फाटली, आणि पावसाळ्यात पाणी तिथे साचून आमच्या पत्र्याखालून भिंतीत उतरायला लागलं. खोलीत ओलीचा डाग पडला. आधी ताटाएवढा, मग सुपाएवढा, आणि एके दिवशी त्याने कॅलेंडर खाली पाडलं.

मी अंगणवाडीत काम करते आणि घरातली कामंही यादी करूनच उरकते. एरवी हा डाग मी दिवाळीच्या यादीत टाकून मोकळी झाले असते. पण ती खोली बाळंतिणीसाठी ठेवलेली होती. लेक शिवऱ्याला दिलेली. दवाखाना जवळ म्हणून बाळंतपण तिकडेच झालं, नात झाली, बारसंही झालं, आणि आता मायलेकी आरामाला आमच्याकडे यायच्या होत्या. डिंक, खारीक, बाळंतशेपा सगळं आणून डब्यांत भरलं होतं. पाळण्यासाठी वरच्या अँगलला कड्या बसवल्या होत्या. त्या कड्या दाखवायला मी मोठ्या हौसेने लेकीला व्हिडिओ कॉल केला. तिथेच घात झाला.

लेकीच्या हातातला मोबाईल विहीणबाईंनी घेतला. त्यांचं हायवेला दुकान आहे, उन्हाळ्यात उसाचा रस, पावसाळ्यात भाजलेली कणसं. येणाऱ्या-जाणाऱ्याशी बोलून बोलून त्यांची नजर आणि जीभ दोन्ही धारदार झालेली.

"कड्या झ्याक हाईत, ताई. पर मागं भितीवर ते काय हाय? जिल्ह्याचा नकाशा लावलाय का?"

"जरा ओल आलीय," मी म्हणाले.

"जरा? मला तर समदा तालुका भिजल्याला दिसतोय. न्हाई बाई, एवढ्याशा पोरीला मी ओलीत न्हाई झोपवायची. भित वाळली की सांगा, मंग धाडते."

मला राग आला नाही. त्यांच्या जागी मी असते तर हेच म्हटलं असतं, आणि वर दोन सूचना केल्या असत्या. पण फोन ठेवल्यावर रिकाम्या कड्यांकडे बघवेना. बाकी सगळ्या कामांच्या वर मी एकच काम लिहिलं: पन्हळ.

पत्र्याची कामं करणारा नसरापूरचा माणूस म्हणाला, गणपतीनंतर येतो. गणपतीनंतर आमची नात रांगायला लागली असती. मग नवऱ्याने स्वतःच्या डोक्याने इलाज केला. गावातल्या कुणाच्या तरी वाढदिवसाचा जुना फ्लेक्स कुठूनसा आणला आणि पन्हळीवर अंथरून विटांनी दाबला. भलामोठा हार घातलेला एक हसरा गृहस्थ आणि त्याच्याखाली रांगेत सगळे शुभेच्छुक, आकाशाकडे बघत आडवे. दुसऱ्याच दिवशी वानरं आली. त्यांनी आधी शुभेच्छुक फाडले, मग गृहस्थांचा अर्धा चेहरा नेला. उरला हार. जाऊबाई तिच्या दारातून ओरडून म्हणाली, "धाकटे, तुझ्या पन्हळीचा सत्कार झाला गं! आता तरी नीट वागंल!"

जाऊबाई अशी आहे. दीर पुण्यात कामाला, आठवड्याने येतात. बाकीचे दिवस ती माझ्यावर राज्य करते आणि मी करू देते.

श्रावणात चांगली उघडीप मिळाली तशी मी शाळेला सुट्टी लागल्यासारखी कामाला लागले. दुकानातून पत्र्याला लावायचं डांबर, स्क्रू आणि रबरी वायसर आणले. जुनी गोणपाटं धुऊन, वाळवून त्यांच्या पट्ट्या कापल्या. खोलीत शेगडी ठेवून भिंत शेकायला सुरुवात केली. नवऱ्याने वर जाऊन हातोडीने पन्हळीचा बाक काढला आणि फाटलेल्या जागी डांबरात बुडवलेल्या पट्ट्या चिकटवल्या. मग त्याच्या मनात एक मोठा विचार आला. तो शिडीवरूनच म्हणाला, "आगं, पाणी आजवर मागं पाडलं हेच चुकलं. घराच्या पायात मुरतंय ते. मागचं टोक ईटांवर उचलतो. पाणी पुढं अंगणात काढू, तिथनं सरळ खाचरात जाईल."

मला पटलं. प्लॅस्टिकचा पाइप उभा चिरून त्याची तोटी पुढच्या टोकाला बसवली. दोन्ही दारांच्या बरोबर मधे, भिंतीपासून हातभर पुढे. खालून बघताना ती तोटी इतकी झोकदार दिसत होती की जाऊबाई आणि मी कमरेवर हात ठेवून बराच वेळ कौतुक करत उभ्या राहिलो. त्या तोटीच्या खाली काय आहे, हे दोघींनीही बघितलं नाही. रोज बघतो म्हणूनच बघितलं नसावं. तिथे आमचा पाय धुवायचा दगड आहे. शेजारी पाण्याचा ड्रम, ड्रमवर तांब्या. बाहेरून येणारा प्रत्येक माणूस त्या दगडावर उभा राहून पाय धुतो आणि मगच आत येतो.

काम झालं, पण चाचणी झाल्याशिवाय मी कशावरही बरोबरची खूण करत नाही. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. लाईट गेलेली, म्हणजे मोटार बंद. तेव्हा पाणी हाताने वर चढवायचं ठरलं. नवरा मागच्या बाजूने पत्र्यावर, जाऊबाई शिडीच्या मधल्या पायरीवर, आणि मी खाली हंडे-बादल्या भरून देणार. पहिला हंडा वर जाताना निम्मा जाऊबाईच्या अंगावर सांडला.

"आवो भावजी, म्हादेवाला अभिषेक करा, मला कशाला!" ती किंचाळली आणि हसत सुटली. ती हसली की शिडी हलते. शिडी हलली की नवरा ओरडतो. तो ओरडला की मला हसू आवरत नाही. पन्नाशीच्या आसपासची तीन माणसं भर दुपारी आपल्याच घरावर पाणी ओतत होती.

हंडा पन्हळीत ओतला. "आलं का पुढं?" नवऱ्याने विचारलं.

मी धावत पुढे जाऊन तोटी बघितली. कोरडी ठणठणीत. "न्हाई!"

दुसरा ओतला. "आलं का?"

"न्हाई!"

तिसरा, चौथा. मी पुढे-मागे धावून दमले. पाणी गिळतंय कोण? घरात जाऊन भिंत बघितली, भिंत कोरडी. जाऊबाईच्या घरात बघितलं, तिकडेही कोरडी. "पन्हळीलाच तहान लागली आसंल," जाऊबाई म्हणाली. "येवढं उनात पडलीय बिचारी. द्या अजून."

आणखी बादल्या गेल्या. मग वरून नवऱ्याचा बारीक आवाज आला, "आगं... थांबा. सापडलं."

डांबर लावताना वरच्या अंगाचं साठलेलं पाणी खाली येऊ नये म्हणून त्याने फ्लेक्सच्या उरलेल्या हाराची गुंडाळी करून पन्हळीत बोळा कोंबला होता, आणि तो काढायचा राहिला होता. आमचं सगळं पाणी त्या हारामागे धरणासारखं तुंबून उभं होतं.

"काढू का?" त्याने विचारलं.

"काढा!" आम्ही दोघी एकदम ओरडलो.

त्याने बोळा उपटला. पत्र्यावरून घडघडत काहीतरी मोठं पुढे गेल्याचा आवाज आला. तो उत्साहाने ओरडला, "आलं का?"

आणि पुढच्या अंगणातून, आमच्यापैकी कुणाचाच नाही असा आवाज आला.

"आलं वो, आलं! समदं आलं!"

आम्ही एकमेकांकडे बघितलं. मग मी पळाले. पाय धुवायच्या दगडावर, हातात रिकामा तांब्या घेऊन, विहीणबाई उभ्या होत्या. वडापच्या जीपने न सांगता आल्या होत्या. घरात हाका मारल्या, कुणी नाही, मग आल्या माणसाने करायचं ते रीतीने करायला लागल्या होत्या. पदरातून पाण्याच्या धारा, केसांत जांभळाची पानं, कपाळावर डांबराचा एक ठिपका, बरोबर कुंकवाशेजारी.

गेली लेक, एवढंच मनात आलं. नात आता हायवेवरच मोठी होणार, कणसं भाजणार, मला फक्त दिवाळीपुरती ओळखणार. जाऊबाई माझ्यामागे येऊन उभी राहिली, पदराचा बोळा तोंडात.

विहीणबाईंनी वर तोटीकडे बघितलं. तोटीतून शेवटचे थेंब टपटप पडत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"खोली बघाया आल्ते," त्या म्हणाल्या. "खोलीचं माहीत न्हाई, पर न्हाणीघर लई भारी काढलंय, ताई."

जाऊबाईच्या तोंडातून पदर निसटला. ती अंगणातच खाली बसली आणि हसायला लागली. त्याबरोबर विहीणबाईही सुटल्या, अशा, की दगडावरून घसरतील म्हणून मला त्यांना धरावं लागलं, आणि मग मीही भिजले. पत्र्यावरून नवरा विचारत होता, "काय झालं? गळतंय का कुठं?" त्यावर तर आम्हाला उभंही राहता येईना.

"कोण हाय ते वर?" विहीणबाईंनी डोळे पुसत विचारलं.

"तुमचे व्याही," मी म्हणाले.

"वरच ऱ्हाऊ द्या त्यास्नी. म्या कापडं बदलस्तवर खाली येऊ नगा म्हनावं."

मी कपाटातली हिरवी साडी काढली. लेकीला पोचवायला आल्या की द्यायची म्हणून घडी न मोडता ठेवलेली होती. जाऊबाई म्हणाली, "विहीणबाई, मानाची साडी मिळणारच व्हती की. त्यासाठी येवढं भिजायचं काय कारण?"

"तुमच्याकडची मानसं भिजल्याबिगर देत न्हाईत आसं ऐकलं व्हतं," विहीणबाई म्हणाल्या.

त्या त्याच खोलीत कपडे बदलायला गेल्या, आणि मी चहा घेऊन गेले तेव्हा हिरव्या साडीत, केस मोकळे सोडून, मधल्या भिंतीला पाठ टेकून बसल्या होत्या. बरोबर डागाच्या जागी. डाग आता फिकट झाला होता, पण पुसला गेला नव्हता. दोघी चहा पीत राहिलो.

तेवढ्यात पत्र्यावर खडे पडल्यासारखा आवाज झाला. श्रावणातली सर, ऊन असताना आलेली, आणि आमच्याकडची, म्हणजे बोलणं ऐकू न येण्याइतकी. नवरा शिडीवरून धडपडत खाली उतरला आणि सरळ तोटीखाली जाऊन उभा राहिला. जाऊबाई दारात. मी कपबशी हातात धरून भिंतीकडे बघत होते. पत्रा आणि भिंत जिथे मिळतात तिथून नेहमी पहिलं पाणी यायचं, मुंग्यांच्या रांगेसारखं. मी त्या रेघेवरची नजर काढली नाही.

विहीणबाईंनी हात मागे नेऊन तळवा भिंतीवर टेकला. जरा वर सरकवला. मग उठून उभ्या राहिल्या आणि चवड्यांवर उंच होऊन अगदी वरपर्यंत हात फिरवला, जणू भिंतीला ताप आहे का ते बघत होत्या. पाऊस कोसळत होता.

बाहेरून नवऱ्याचा आवाज आला, "आलं! समदं पुढं आलं!"

विहीणबाईंनी तळवा माझ्यापुढे धरला. त्यावर चुन्याची पांढरी भुकटी होती. कोरडी.

"जुनी ओल हाय अजून," त्या म्हणाल्या. "शेगडी चालू ठिवा. पर नवं पानी येत न्हाई. पुढल्या सोमवारी आनते दोघींना."

मी मान हलवली. बोलले असते तर रडले असते, आणि त्या दिवशी आणखी पाणी नको होतं.

"येक हाय पर," त्या म्हणाल्या. "मीबी चार दिस ऱ्हानार. आन् पुढल्या येळी चाचणी आसंल तर हंडा म्या वतनार. दगडावर व्याह्यांना हुबं करा."

सोमवारी टेम्पोतून विहीणबाई मायलेकींना घेऊन आल्या. जाऊबाई भाकरतुकडा घेऊन दारात उभी, बारीक पाऊस सुरू झालेला. लेक बाळाला पदराखाली धरून सवयीने दगडाकडे वळली, आणि आम्ही तिघी एकदम किंचाळलो, "तिथं नको!" बाळ दचकून जागं झालं आणि पहिल्यांदा आमच्या अंगणात रडलं. चांगलं खणखणीत रडलं, तोटीचा आवाज मागे पडला.

दगड हलवायचं काम यादीत आहे. पण विहीणबाई तो हलवू देत नाहीत. त्या चार दिवसांत त्या सकाळीच तोटीखाली बादली लावून बसायच्या आणि नातीची दुपटी, लंगोट त्या दगडावर आपटून धुवायच्या. मी खोलीत पाळण्याची दोरी ओढत असायचे आणि भिंतीपलीकडून जाऊबाईचा आवाज यायचा, "विहीणबाई, येवढं धुताय, मजुरी कोन देनार?"

"मजुरी कसली," बाहेरून उत्तर यायचं. "पानी फुकट हाय, तवर धुवून घेते!"