आबांना मागता येत नव्हतं

दोष आबांचा. आधीच सांगून टाकतो, म्हणजे शेवटी कुणी हिंमतभाऊंना आणि कुणी मला शिव्या देत बसायला नको.

मी तेव्हा जळगावात बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाच्या वर्गातून उठून बाहेर आलो होतो, तो परत गेलोच नाही. सगळे म्हातारे घरी येऊन उपदेश करून गेले. आबा मास्तर एकटेच म्हणाले, "कॉलेज सोडलंस? मग दुपारचा मोकळा असशील. फटफटी आहे ना तुझ्याकडे?"

तिथून सुरू झालं! आबा म्हणजे रिटायर्ड हेडमास्तर, मूळ बोदवडचे. खेड्यातल्या मुलींसाठी त्यांनी जळगावात वसतिगृह काढलेलं, भाड्याच्या इमारतीत. स्वयंपाक त्यांची बायको, म्हणजे अक्का, करायच्या. त्याही फुकट. मालक निघा म्हणाला की मुली परत गावी जाणार, आणि गावी गेलेल्या मुलीचं काय होतं ते आपल्याकडे सगळ्यांना माहीत आहे. मांडवच! म्हणून स्वतःची जागा पाहिजे होती, आणि ती मागत आबा श्रीमंतांच्या ओट्यावर जायचे, माझ्या मागे बसून, धोतराचा सोगा हातात घट्ट धरून.

हे किस्से मी जमवलेले नाहीत. वसतिगृहाच्या माळ्यावर दानात आलेल्या बिनपेडलच्या सायकली जशा आपोआप साठत गेल्या, तसेच हेही.

* * *

आबांना मागता यायचं नाही. हे मी तोंडावर सांगायचो, इथेही लिहितो.

एका केळीच्या व्यापाऱ्याकडे गेलो. आबांनी सुरुवात केली ती थेट माणूस शेती करायला लागला तिथपासून. पहिलं धान्य कोणी साठवलं, साठवणाऱ्यावर बाकीच्यांचा हक्क कसा, श्रीमंती म्हणजे समाजाने सांभाळायला दिलेली ठेव कशी... व्यापारी मान डोलावत होता. दोनदा चहा झाला. मग आबा उठले, "जय भीम" म्हणाले आणि निघाले!

फाटकाबाहेर मी म्हटलं, "आबा, मागितलं कुठं तुम्ही?"

"तोंडाने मागायची गरज नाही. माणूस समजदार आहे, समजला."

"समजला म्हणून तर गप्प बसला!"

* * *

धुळ्याच्या एका कापडवाल्याने मात्र न मागता दिलं. टेम्पो भरून गठ्ठे आले. सुट्टीतही आबा ज्यांना गावी पाठवत नसत, त्या मुली नाचायला लागल्या. गठ्ठे सोडले तर आत स्वेटर! लोकरीचे, जाडजूड, गळाबंद. महिना मे. जळगाव. दुपारी दाराची कडी धरली तर हात भाजतो अशा गावात!

अक्का कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. म्हणाल्या, "दान दिधं का दुकान झाडी लिधं?"

आबांचं नेहमीचं, "देणाऱ्याचा हेतू पाहावा."

"हेतू दिसस ना! गोडाऊन रिकामं करानं!"

पण अक्कांनी काही वाया घालवलं नाही. त्यांनी सगळ्या माठांना स्वेटर चढवले आणि वरून पाणी मारलं. बर्फासारखं गार पाणी! ओट्यावर ओळीने माठ उभे, कुणी हिरव्या स्वेटरात, कुणी लाल, दोन्ही बाह्या लोंबताहेत.

आठवडाभराने कापडवाला स्वतः पाहायला आला. तो माठांसमोर बराच वेळ उभा राहिला. मग गार पाणी प्याला, मिशा पुसल्या आणि म्हणाला, "माप बरोबर बसलं, मास्तर!"

* * *

जामनेरच्या नानाशेठने स्टीलची ताटं दिली. प्रत्येक ताटावर मशीनने कोरलेलं पूर्ण नाव, गावासकट. बाकीचे लोक मेलेल्या वडलांचं नाव घालतात. याने स्वतःचं घातलं. वर म्हणतो कसा, "मेल्यावर पोरं माझं नाव घालतील याची गॅरंटी नाही!"

मला संताप आला. मी आबांना म्हटलं, "गरिबाच्या पोरीने घास घ्यायचा तर आधी याचं नाव वाचायचं?" आबा म्हणाले, "भाजी वाढली की नाव दिसत नाही."

एकदा नानाशेठ न सांगता आले. नेमकी भांडी घासायची वेळ. मागच्या अंगणातून मुलींचे आवाज येत होते.

"नानाशेठला अजून राख लाव गं, लय तेलकट आहे!"

"माझा नानाशेठ काल चेपला, कडेने ठोकून दे ना!"

आबांचा चेहरा पांढरा पडला. मी तोंड फिरवून भिंतीकडे पाहत होतो. नानाशेठ तसेच गाडीत बसून निघून गेले. आबा दोन दिवस जेवले नाहीत नीट.

तिसऱ्या दिवशी जामनेरहून खोकं आलं. भांडी घासायची पावडर. सोबत निरोप होता: राख नको, चरे पडतात.

* * *

अक्का फक्त एकदा मागायला गेल्या. जळगावातल्याच एका कॉन्ट्रॅक्टरच्या बंगल्यावर. घरच्या बाईंनी विचारलं, किती पावती फाडू? अक्का म्हणाल्या, "पावती ऱ्हाऊ द्या. तुमनी पोर जे खास, तेच मन्या पोरीस्ले भेटाले पाहिजे."

बाई शब्दाची पक्की निघाली! त्यांच्या घरी जे किराणा-भाजी भरेल, तेच त्याच दिवशी वसतिगृहात यायला लागलं. दिवाळीला बेसनाचे लाडू, आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आंबे. मुलींचे गाल वर आले. मलाही कबूल करावं लागलं की आबांच्या सगळ्या भाषणांपेक्षा अक्कांचं एक वाक्य भारी.

आणि एके दिवशी अचानक नुसतीच काकडी आली. दुसऱ्या दिवशी गाजर. मग कोबी. मग परत काकडी! मी चौकशी केली तर कळलं, बाईंच्या मुलीला पाहायला मुंबईचा मुलगा येणार होता, म्हणून ती डाएटवर होती.

अक्का तडक बंगल्यावर. "बाई, तुमनी पोरनं लगीन लवकर करी टाका! मन्या पोरी भुक्या मरी ऱ्हायन्यात!"

* * *

राहिले हिंमतभाऊ. डाळमिलचे मालक. त्यांची पोरं आबांच्या हाताखाली शिकलेली, त्यामुळे आबांना मान भरपूर. चहा, पापड, वरून पान. पैसा नाही. आबा दर महिन्याला जायचे आणि दोघं कडाकडा भांडायचे. मला वाटतं दोघांनाही त्याचं व्यसन लागलं होतं.

"मास्तर, मी कमावलं. द्यायचं की नाही ही माझी मर्जी. कर्तव्य म्हटलं की तो टॅक्स झाला, आणि टॅक्स मी भरतो."

"तू कमावलंस, मान्य. पण ज्या रस्त्याने तुझी डाळ जाते, तो तू बांधलास?"

"नाही ना? मग रस्त्याला देतो पैसे. तुम्हाला कशाला?"

एकदा माझ्याने राहवलं नाही. मी ओरडलो, "आबा, यांच्याकडे मागायचं कशाला? सरळ काढून घ्यायचं!"

भाऊंनी चष्मा वर करून माझ्याकडे पाहिलं. "हा कोण?"

"कॉलेज सोडलंय त्याने. मला आणतो-नेतो."

"फटफटीत पेट्रोल कोण घालतं रे तुझ्या?"

मी फटफटीची किल्ली खिशात टाकली.

"बाप घालतो ना? वा! बापाच्या पेट्रोलवर क्रांती!"

सगळी मिल हसली. सगळ्यात जास्त कोण हसलं असेल? आबा!

* * *

शेवटी व्हायचं ते झालं. इमारतीच्या मालकाला तिथे लॉज काढायचा होता. शाळा सुरू व्हायच्या आत खाली करा म्हणाला. बातमी फुटली. दोन मुलींचे बाप येऊन ट्रंका घेऊनही गेले.

आणि संध्याकाळी हिंमतभाऊ दारात! इतक्या वर्षांत पहिल्यांदा. बसलेही नाहीत. "मास्तर, मिलच्या मागे माझी इमारत पडून आहे. खोल्या आहेत, नळ आहे. संस्थेच्या नावाने करून देतो, कायमची. फक्त वर माझ्या वडलांचं नाव. कै. सुपडूशेठ कन्या वसतिगृह."

मी टाळी वाजवायच्या बेतात होतो. आबा मात्र आत स्वयंपाकघराकडे बघत होते. अक्का भाकरी थापत होत्या, त्यांचा हात थांबला होता.

भाऊ गेल्यावर अक्कांनी मला सांगितलं, तव्यावरची नजर न काढता. त्यांचं माहेर दोंडाईचाकडचं, सुपडूशेठच्याच गावचं. दुष्काळात वस्तीच्या बाया त्याच्या विहिरीवर गेल्या. त्याने सगळ्यांची मडकी फोडायला लावली. अक्कांच्या आईचं मडकं डोक्यावर असतानाच फोडलं. "मायना कानमधून रंगत ये ऱ्हायंत," अक्का म्हणाल्या. म्हणजे रक्त.

मी आबांकडे गेलो. "नाही म्हणा! थुंका त्या इमारतीवर!"

आबा शांतपणे म्हणाले, "बरं. मग ज्या मुली आत झोपल्यात, त्यांना तू उठव आणि सांग, ट्रंक भरा. तू सांगितलंस की मी नाही म्हणतो."

मी उठवायला गेलो नाही.

आबांनी अक्कांना विचारलं. अक्का एवढंच म्हणाल्या, "पोरीस्ले छप्पर पाहिजे. लावा पाटी."

उद्घाटनाला मांडव होता, पेढे होते. भाऊ बोलायला उभे राहिले आणि खरोखर रडले. "माझ्या वडलांनी दारातून कुणाला तहानलेलं परत पाठवलं नाही," ते म्हणाले.

पहिली टाळी आबांनी वाजवली.

अक्का फाटकापर्यंत आल्या होत्या, भाषण आणि ती टाळी त्यांनी तिथूनच ऐकली. मुलींच्या हातात कोठीच्या किल्ल्या दिल्या आणि मागे फिरल्या. त्या इमारतीत त्यांनी कधीच पाऊल टाकलं नाही. त्यानंतर आबा रोज सकाळी एकटेच वसतिगृहात जायचे, आणि घरी अक्का त्यांच्याशी कामापुरतंच बोलायच्या.